कढीपत्त्यावरचा कोष

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. लालबागच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावर, खोलीसमोरच्या गॅलरीत माझ्या कुंड्या. शाळा चौथीत सुटली, पण झाड कसं जगवायचं ते मला कोणी शिकवू नये.

सकाळी मैदानात आम्ही गिरणीतले जुने लोक बसतो. तिथे मी बोलून गेलो, की माझ्या गॅलरीत फुलपाखरं येतात. एक दोस्त म्हणाला, "लालबागात? डास असतील रे. फोटो दाखव, मग बोल." म्हटलं, दाखवतो. झालं, आता दाखवणं भाग होतं.

मुलीने तिचा जुना मोबाईल दिला. फुलपाखरू सदाफुलीवर बसलं की मी बोट दाबायचो आणि फोटोत नुसती सदाफुली. कोणी सांगितलं, पिकलेलं केळं ठेवा. ठेवलं. मुंग्या आल्या, चिलटं आली, शेजाऱ्यांची कुरकुर आली. मैदानात दोस्ताचं रोजचं, "काय रे, तुझां पाखरू खंय गेलां?"

मग कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या. आधी चिमणीच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार. आमची ही म्हणाली, "झाड खातायत, काढून टाका." म्हटलं, खाऊ देत. त्यातली एक खालच्या फांदीला धाग्याने स्वतःला बांधून बसली, तिचा कोष झाला. मला बरं वाटलं. उडतं पाखरू माझ्या बोटाला सापडत नाही, पण कोषातून निघालेलं पंख वाळेपर्यंत कुठे जातंय? रोज स्टूल टाकून बसायचो. एके दिवशी कोष काळपट झाला, आतल्या पंखांचे पांढरे ठिपके दिसायला लागले. म्हणजे उद्या निघणार.

त्या संध्याकाळी दूध आणायला गेलो. येऊन बघतो तर फांदीच नाही.

आमच्याकडे कढीपत्ता विचारून तोडत नाहीत. फोडणीला तेल ठेवायचं, बाहेर यायचं, कुणाच्याही कुंडीतली काडी मोडायची. माझ्या आईच्या वेळेपासून असंच. बाजूच्या वहिनींकडून फोडणीचा वास येत होता. त्यांच्या दारात जाऊन फांदीचं विचारलं.

"त्याला काहीतरी सुकलेलं चिकटलं होतं, मी मोरीत टाकलं," त्या म्हणाल्या. "का हो भाऊजी?"

मोरीत वर पाणीही ओतून झालं होतं. कढीपत्त्याच्या काडीवरून भांडला, असं चाळीत झालं असतं. "काही नाही," म्हटलं. वर त्यांनी वाटीभर कढी दिली. मी तोंड लावलं नाही. हिने खाल्ली, आणि चांगली झालीय म्हणाली.

झाडावर अजून दोन अळ्या होत्या. ही म्हणाली, "तोडू नका म्हणून पाटी लावा." मी साफ नाही म्हटलं. माझ्या दारात असली पाटी लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात गेलो नाही. बायका ओट्याशी उभ्या राहायच्या आत उठलो, एकेक पान उलटंसुलटं बघितलं, अळ्यांच्या फांद्या सोडून बाकीचा कढीपत्ता तोडला आणि माळ्यावरच्या प्रत्येक दाराच्या कडीला एकेक काडी अडकवून आलो.