डोंगरातली गँगमनची खोली

हिनोसावा गावच्या स्टेशनसमोर कोझो आणि तोमोए वाकिया या नवरा-बायकोचं केस कापायचं दुकान आहे. माझं टोफूचं दुकान त्याला लागूनच, त्यामुळे त्यांच्या घरातली भांडणंसुद्धा मला पाठ. दुकानात खुर्च्या दोनच. पण मागच्या भिंतीला धरून त्यांनी आमचं अख्खं गाव मांडलंय, खऱ्याहून दीडशेपट लहान. रूळ, तारा, गाड्या कोझोकडे. घरं, झाडं, डोंगर तोमोएकडे.

तोमोए म्हणजे जन्माची काळजीखोर. दुकानाला कुलूप लावलं की गॅस बघायला परत आत. कोझो म्हणायचा, "अगं, आता त्या गॅसलाच तुझी काळजी वाटायला लागलीय." पण घरं करताना तिचा हाच स्वभाव कामी यायचा. कुणाच्या ओसरीला किती खांब, कुणाचं पन्हाळं वाकडं, सगळं जिथल्या तिथे. राळ्याचे दाणे केशरी रंगवून ती वळचणीला वाळत घातलेली तेंडूची फळं करायची. एकदा गावातल्या मित्सुनोबाईंच्या इवल्या घरात दिवा बसवायचा राहून गेला आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्या आजारी पडल्या, तर तोमोएला दोन दिवस जेवण गेलं नाही.

त्या वर्षी तिने वरची दरी करायला घेतली. तिकडची गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली; रूळही उचलून नेलेत. उन्हाळ्यात ती अस्वलं दूर राहावीत म्हणून कमरेला घंटा बांधून, जीव मुठीत धरून वर जाऊन आली. जुन्या बोगद्याशी रुळांची निगा राखणाऱ्या गँगमनची खोली होती, तिचे अवशेष बघून आली आणि एका जुन्या फोटोवरून ती खोली उभी केली. काडीहून बारीक लाकडी पट्ट्यांच्या भिंती, वर्खाच्या कागदाचं पत्र्यासारखं छप्पर, त्याला तपकिरी रंगाचा गंज. अंगणातली माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा.

यासुहेई निशिमोरी हे त्या वरच्या मार्गावर पूर्वी गँगमनचे मुकादम होते. वय पंच्याऐंशी, स्मृती पार गेलेली. त्यांची बायको किकुए दुपारी बाजाराला जाताना त्यांना वाकियांच्या दुकानात बसवून जायची. केस कापायचे असोत नसोत, ते त्या इवल्या गावापुढे स्टुलावर बसून राहायचे.

नोव्हेंबर संपत आला होता. तोमोएने खोली नुकतीच जागेवर चिकटवली होती. यासुहेई वाकून बघायला लागले.

"धूर नाही," ते म्हणाले.

"काय, आजोबा?"

"शेगडी विझलीय. पोरं कामावरून येतील, गारठतील. आज पाळी कुणाची?"

तोमोएच्या चिमट्यात एक झुडूप होतं, डिंक वाळत होता. मान वर न करता ती म्हणाली, "मग तुम्हीच जाऊन पेटवा की."

कोझो हसला. यासुहेईंनी मात्र गंभीरपणे मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या भोंग्यावरून आवाज आला: यासुहेई निशिमोरी पहाटेपासून घरी नाहीत, अंगात राखाडी कोट आहे, कुणाला दिसल्यास कळवावे. तोमोए एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होती. ती ब्रश तसाच ठेवून दाराशी गेली; दाढी कोझोने पुरी केली.

कालचं बोलणं तिने लगेच कुणाला सांगितलं नाही. आपण बोललो आणि चुकलं, तर माणसं भलतीकडे शोधत बसतील. नाही बोललो आणि खरं निघालं, तर? आधी एकदा ते नदीकाठी सापडले होते, म्हणून सगळा गाव नदीकडे गेला होता. दुपारनंतर बर्फ पडणार, असं रेडिओ सांगत होता. ती रस्त्यावर यायची, आभाळ बघायची, परत आत जायची. माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि टोफू न घेताच गेली.

"काय झालंय तुला?" कोझोने शेवटी विचारलं.

तिने सांगितलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर टोमणा मारणाऱ्या कोझोने एप्रन काढून खुंटीला अडकवला. फक्त म्हणाला, "चल."

शोध घेणाऱ्यांचा म्होरक्या इनोकुमा. एरवी तो सुतारकाम करतो, वेळप्रसंगी गावच्या आग विझवणाऱ्या पथकात असतो. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"वहिनी, माझ्या दुकानापर्यंत यायचं तर त्यांना धाप लागते. तो चढ कसा चढतील?"

"लागू दे धाप. ते तिकडेच गेलेत."

"आणि ती खोली नकाशात कुठेय आता?"

"माझ्याकडे आहे," तोमोए म्हणाली.

चार-पाच माणसं बुटांसकट दुकानात शिरली आणि त्या बुटक्या डोंगराभोवती उभी राहिली. तोमोए कंगव्याच्या टोकाने दाखवायला लागली. हे दोन पूल. इथे दरड कोसळलीय, इथून वरच्या अंगाने वळसा घालायचा. बोगद्याचं तोंड दिसायच्या आधी डावीकडे पायवाट आहे, झाडीत शोधावी लागते.

इनोकुमा डोकं खाजवत म्हणाला, "हे काही माझ्या ध्यानात राहायचं नाही. तुम्हीच चला."

ती गेली. कमरेची घंटा वाजत होती आणि तिला अस्वलाची भीती वाटत नव्हती, याचंच तिला नवल वाटत होतं. डोक्यात एकच घोळत होतं, किकुएला काय सांगू. पहिल्या पुलापाशी बर्फ भुरभुरायला लागलं. पुलाच्या पलीकडे एक बूट पडला होता. इनोकुमाने तो उचलला, झटकला, कोटाच्या खिशात कोंबला. मग सगळे झपाझप चढायला लागले.

खऱ्या खोलीच्या दोनच भिंती उरल्या होत्या, वर अर्धं छप्पर. यासुहेई कोपऱ्यात बसले होते. एक पाय उघडा, ओठ निळे. पुढ्यात ओल्या काटक्यांची नीट रचलेली चूल. पथकाचे कोट घातलेल्या माणसांकडे त्यांनी पाहिलं.

"उशीर केलात," ते म्हणाले. "काड्यापेटी कुणाकडेय?"

इनोकुमा त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"आहे, मुकादम. पण पाळी संपली आजची. सगळे खाली निघालेत. तुम्हाला न्यायला आलोय."

"सगळे? मोजलीस माणसं?"

"मोजली."

तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केला. इनोकुमाने त्यांना पाठुंगळी घेतलं.

त्यांना न्यूमोनिया झाला, पायाची दोन बोटं काढावी लागली. दुसऱ्या दिवशी तोमोए इस्पितळात गेली आणि व्हरांड्यातच किकुएपुढे कमरेत वाकून उभी राहिली. सगळं सांगून झाल्यावरही मान वर करेना.

"तू सांगितलंस म्हणून गेले?" किकुए म्हणाली. "अगं, साठ वर्षं मी सांगतेय. एक दिवस ऐकलं नाही माझं." मग हळूच म्हणाली, "रात्री दाराला कडी घालायची विसरले मी. ते कुणाला सांगू?"

दोघी बाकावर बसून राहिल्या. कोझो डबा घेऊन गेला तेव्हाही तशाच होत्या.

यासुहेई घरी परतले नाहीत. शहरातल्या वृद्धाश्रमात त्यांनी हिवाळा काढला आणि वसंतात झोपेतच गेले. हिवाळाभर तोमोएने चिमट्याला हात लावला नाही. इवल्या छपरांवर धूळ बसली. कोझो मधूनमधून एकटाच गाडी फिरवायचा, एक फेरी मारून बंद करायचा. मला भीती वाटायला लागली होती की हे आता असंच राहणार.

अंत्यसंस्कार आटोपल्यावर काही दिवसांनी किकुए दुकानात आली आणि त्या स्टुलावर बसली.

"दुपारी कुठे जाऊ कळत नाही," ती म्हणाली. "काहीतरी काम दे."

तोमोएने तिला झाडं करायला दिली. तारा पिळून फांद्या करायच्या, त्यावर हिरवा स्पंजाचा चुरा लावायचा. किकुए चुरा इतका थापायची की प्रत्येक झाड कोबीच्या गड्ड्यासारखं व्हायचं. हे तिला सांगायचं कसं, या विचाराने तोमोएची झोप उडाली.

"त्यात काय," कोझो म्हणाला, "कोबीचं शेत करू."

शेवटी तोमोएने ती झाडं अगदी मागच्या डोंगरावर लावली. किकुएने मान तिरकी करून पाहिलं.

"इतकी लांब का लावलीस?"

"लांबून शोभतात."

"आधी खोटं बोलायला शीक," किकुए म्हणाली आणि पुढची तार पिळायला घेतली.