फिटरची फिट

फिटरला पहिली फिट आली ती जेवताना. ताट उलटलं, डोळे पांढरे झाले, दातखिळी बसली. बायकोने त्याला कुशीवर वळवून तोंडावरचा फेस पुसला. शुद्धीवर आल्या आल्या तो म्हणाला, "कारखान्यात कुणाला कळता कामा नये. मी एकदम फिट आहे."

दुसरी आली तेव्हा तिला त्याचं काम आठवलं. हा माणूस उंच शिडीवर चढून पाइप फिट करायचा. तिथे आली तर? नवऱ्याला न सांगता ती फोरमनकडे गेली.

"भाऊ, यांना फिट येतात. वर चढवू नका त्यांना."

आठवड्याभरात कारखान्याच्या डॉक्टरने त्याला अनफिट ठरवलं आणि फाटकापाशी खुर्चीत बसवलं. जाणारे-येणारे अजूनही 'काय फिटर!' म्हणून हाक मारायचे. ती त्याला शिवीसारखी लागायची.

"माझे हातच तोडलेस तू," एवढं बोलून त्याने बायकोशी बोलणं टाकलं.

आता फिट ओसरली की ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसते. शुद्ध आली की तो तिचा हात बाजूला सारतो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.