चौथ्या खांबाचा टेकू

आमच्या ह्यांच्या खिशात रुमाल नसेल, चष्मा नसेल, पण लाकडी खुंटी असणार म्हणजे असणारच. सदरे धुताना त्या खुंट्यांनी माझी बोटं सोलून निघाली. इतकी वर्षं ओरडतेय, पण ऐकेल तो नवरा कसला! लोकही ह्यांना खुंटी मिस्त्रीच म्हणतात. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात, तरी शिडी दिसली की हे चढलेच.

जुनी लाकडी घरं आणि कोठारं दुरुस्त करायची, तीही एकही खिळा न मारता, हा ह्यांचा धंदा. एका लाकडाचं टोक तासायचं, दुसऱ्याच्या खाचेत घुसवायचं आणि आरपार खुंटी ठोकायची. "खिळा गंजून सुटतो, खुंटी मात्र फुगून आणखी घट्ट धरते," हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

तर गेल्या सोमवारी डेअरीवाल्या बाईंचा फोन आला. त्यांच्या गुरांचा चारा ज्या कोठारात असतो, ते शुक्रवारी पाडायचं ठरलं होतं. कोठार एका अंगाला झुकलंय, आज ना उद्या कोसळणार, असं इंजिनिअर सांगून गेला होता. त्या जागी पत्र्याची शेड येणार होती. "मिस्त्री, तुमच्या वडिलांच्या हातचं म्हणून कळवलं हो," बाई म्हणाल्या.

हे भरल्या ताटावरून उठले.

का उठले ते सांगायला हवं. ते कोठार दीडशे वर्षांचं, मूळचं नदीपलीकडचं. पलीकडची जमीन धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून बाईंच्या वडिलांनी ते विकत घेतलं आणि माझ्या सासऱ्यांनी ते सगळं सुटं करून, गाड्यांवर लादून अलीकडे आणून उभं केलं. माझ्या लग्नाला तेव्हा तीनच महिने झाले होते. आता हे सुटं केलेलं लाकूड पुन्हा जुळवायचं कसं? तर जुन्या सुतारांनी प्रत्येक लाकडावर पटाशीने खूण कोरलेली असते, डाव्या ओळीची वेगळी, उजव्या ओळीची वेगळी. सांधे हाताने केलेले, त्यामुळे एका खांबाचा टेकू दुसऱ्याला नीट बसत नाही. "सूनबाई सातवी शिकलीय, खुणा ती वाचेल," सासरे म्हणाले आणि मला खाली उभं केलं. ते वरून ओरडायचे, "डावीकडचा तीन!" आणि मी तीनची खूण शोधून लाकडाला दोर बांधून द्यायची.

त्याचा केवढा तोरा मिरवला मी! माहेरी सांगितलं, शेजारी सांगितलं, नातवंडांना तर पाठ झालंय. मी वाचलं म्हणून ते कोठार उभं राहिलं, हो!

पण वर्षभरात ते झुकलं. लोकांच्या जिभेला हाड नसतं. सासऱ्यांना 'तिरपे मिस्त्री' नाव पडलं ते कायमचं. कुणी विचारलं तर ते एवढंच म्हणायचे, "माझाच हात चुकला." त्यानंतर मोठं काम कुणी दिलं नाही. एवढा कसलेला माणूस, शेवटची अकरा वर्षं स्टुलं आणि पाट करत बसला. ते ह्यांच्या जिवाला फार लागलं. बाबांचा हात चुकेलच कसा, हा एकच घोष. आणि आता कोठारच पाडलं तर ते कधी कळणारच नव्हतं.

मंगळवारी सकाळी आम्ही हजर. मीही गेले, कारण शिडी धरायला कुणीतरी शहाणं माणूस हवं. कितीतरी वर्षांनी आत पाऊल टाकलं, आणि काय सांगू, मान वर करून बघतच राहिले! दोन्ही बाजूंना सहा-सहा खांब, माझ्या दोन्ही हातांत न मावणारे. वर आडव्या तुळया, खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरका टेकू, त्यावर छपराच्या तिकोनी कैच्या, त्यावर वासे. समोरासमोर दोन प्रचंड दारं. पूर्वी भरलेली गाडी एका दारातून आत यायची आणि रिकामी होऊन दुसऱ्यातून जायची. दोन्ही दारं उघडली की मधून वारा वाहायचा, त्यात धान्य उधळलं की भुसा आपसूक उडून जायचा. इतकी अक्कल होती त्या लोकांना! आणि म्हणे पत्र्याची शेड.

ह्यांनी खांबालगत दोरीचा ओळंबा सोडला. डावीकडचा चौथा खांब चांगला चार बोटं बाहेर. मग शिडी लावून हे लाकडावरचा चुना खरवडायला लागले. मी खालून बडबडतेय, "अहो, जपून! गुडघ्याचं काय?" आणि एकदम वरून आरोळी, "अगं ये! वर ये, लवकर ये!"

"मी? ह्या वयात?"

"ये म्हणतो ना!"

चढले बाई.  खांबावर खूण चारची होती. पाचासाठी दोन तिरक्या रेघा टोकाला जुळवलेल्या आणि त्यांच्या डावीकडे एक उभी रेघ, म्हणजे पाचात एक कमी. टेकूवर तीच उभी रेघ उजवीकडे. म्हणजे एक जास्त, सहा!

"चौथ्या खांबाला सहाचा टेकू!" हे ओरडले. "दोन बोटं लांब आहे तो. गेली पंचेचाळीस वर्षं खांबाला बाहेर ढकलतोय! लाकूड उलटं पडलेलं असलं की सहाचे चार दिसतात. बाबांचा हात नव्हे गं, खाली कुणीतरी खूण उलटी वा..."

आणि ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी शिडीवर तशीच उभी. "मीच होते की खाली," मी म्हटलं.

ह्यांनी मला आधी उतरवलं. खाली उतरून शिडी सहाव्या खांबाशी नेली, तिथलाही चुना काढला. तिथे चारचा आखूड टेकू, आणि उरलेल्या फटीत एक पाचर. इतकी नेटकी, इतकी गुळगुळीत की फट कुठे होती ते कळू नये.

"ही पाचर बाबांची," हे हळूच म्हणाले. "नंतर ठोकलेली. त्यांना कळलं होतं."

मला रडूच कोसळलं. त्यांना कळलं तोवर कौलं चढली होती, आत चारा भरला होता, सगळं उतरवणं शक्य नव्हतं. पण 'सुनेने चुकीचं लाकूड दिलं' एवढं तर म्हणता आलं असतं? घरात तीन महिन्यांची नवी सून, जन्मभर टोमणे खाल्ले असते मी. ते सगळे त्यांनी खाल्ले. आणि मी त्यांच्या देखत मिरवत होते, आणि ते हसून मान हलवत होते!

डोळे पुसले आणि तरातरा डेअरीवाल्या बाईंकडे गेले. म्हटलं, "चूक माझी. दोन दिवस द्या. ओळंबा सरळ पडला नाही तर शुक्रवारी खुशाल पाडा."

बाई आधी ह्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "घ्या दोन दिवस," म्हणाल्या.

गुरुवारी चार गडी, लॉरीचे सहा जॅक. सासऱ्यांच्या वेळी असली सोय कुठे होती! तुळई केसभर उचलली, खुंट्या बाहेर काढल्या, दोन्ही टेकू उतरवले. मग दोर लावून खांब आत ओढायला घेतला. सगळं कोठार करकरलं. गडी मागे सरकले, पण हे शिडीवर ठाम.

"चार!" हे वरून ओरडले.

मी खाली. टेकू फिरवून बघितला. खुणेवरून बोट फिरवलं. पुन्हा बघितलं. पुन्हा.

"अगं, दे की!"

"थांबा हो! एकदा घाई केली तेवढी पुरे झाली!"

दिला. जागेवर गेला, असा गेला की मोगरीचा एकच ठोका पुरला. मागोमाग सहाचाही बसला. ओळंबा हलला, डुलला आणि खांबाच्या बरोबर रेषेत येऊन थांबला. गड्यांनी टाळ्या पिटल्या. डेअरीवाल्या बाईंनी तिथूनच पाडणाऱ्यांना फोन लावला, "शुक्रवारी येऊ नका. कोठार राहतंय."

ह्यांनी खिशातून खुंटी काढली आणि मला वर बोलावलं. "तू ठोक."

मी ठोकली. शेवटचा घाव घालून त्या खांबावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हटलं, "बाबा, चारच आहे हो. तीनदा बघितलं."