साडूची पाण्याची पिशवी

माझ्या साडूला शिकारीतलं ओ की ठो कळत नाही. इकडे आखातात, माबेल्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर लोळत व्हिडिओ बघणं, एवढाच त्याचा अनुभव. तरी माझ्या अर्बाबनं, म्हणजे आमच्या हमरियातल्या गॅरेजच्या मालकानं, ससाणा घेऊन शिकारीला जाताना मला चल म्हटलं, हे कानावर पडताच स्वारी तयार. बोलावणं मला, आणि खरेदी ह्याची.

मला काळजी एकाच गोष्टीची होती, पाण्याची. मला मुतखडा आहे. घोट घोट पाणी पोटात जात राहिलं नाही की कमरेतून अशी कळ उठते की माणूस आडवा होतो. म्हणून मी गॅरेजातली माझी मोठी बाटली काढली. तिला बाहेरून गोणपाट शिवलंय, ते ओलं केलं की पाणी गार राहतं. साडू ती बघून हसला आणि त्यानं पाठीवर अडकवायची पाण्याची पिशवी दाखवली. तिला लांब नळी. नळीचं टोक तोंडात धरून चावायचं, की पाणी येतं. हात मोकळे राहतात म्हणे. अरे, तुझ्या हातावर ससाणा बसणार आहे का? मोकळ्या हातांनी करणार काय, टाळ्या वाजवणार?

दोघांना पुरेल, ते गोणपाट घरी ठेवा, असं त्याचं टुमणं सुरू झालं. शेवटी बायको म्हणाली, जाऊ द्या हो, एवढ्या हौसेनं आणलीय. तिच्या बहिणीच्या नवऱ्यापुढे माझं काय चालणार! बाटली घरी राहिली.

तिकडे ससाणा जो वाळूच्या टेकड्यांपलीकडे गेला तो परतेचना. गाडी रुतली असती, म्हणून सगळे पायीच शोधायला निघालो. अर्बाबच्या भावानं पाण्याचा छोटा डबा आणि एक वाडगा घेतला. साडू माझ्यापुढे, नळी तोंडात, तान्ह्या पोरासारखा चोखत. बऱ्याच वेळानं त्याला माझी आठवण झाली. त्यानं नळी पुढे केली तर टोकावर त्याची थुंकी चमकत होती. शी! आमच्या घरी बाटलीला ओठ लागले तरी आई ओरडायची. पाणी वरूनच प्यायचं, उष्टं करायचं नाही. मी म्हटलं, वरून ओत. पण ती नळी चावल्याशिवाय थेंब सोडत नव्हती, आणि पिशवीचं झाकण ह्या पहिलवानानं असं आवळलं होतं की दोघांनी जोर लावूनही हललं नाही. राहू दे, मग बघू, म्हटलं.

पुढच्या चढावर कळ आली आणि मी वाळूत बसलो. घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. कसलं उष्टं नि कसलं काय! मी साडूच्या खांद्यावरची नळी ओढली आणि कचकन चावली. आत नुसती हवा. ह्या शहाण्यानं एकट्यानं पिशवी संपवली होती, आणि ती पाठीवर असल्यामुळे किती उरलंय ते त्याला दिसलंही नव्हतं. मला कळ नसती तर तिथंच त्याच्या कानाखाली काढली असती.

तो पुढच्या लोकांकडे पळत गेला आणि वाडगा घेऊन पळत आला. डब्यातलं शेवटचं पाणी, त्यातलं अर्धं त्यानं वाटेत सांडलं.

"दादा, प्या. मला नको."

नकोच असणार, पोट टम्म होतं. त्या वाडग्याला अर्बाबपासून सगळ्यांची तोंडं लागली होती. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि वर चाटला. अर्बाबनं ससाण्याचा शोध भावावर सोपवला, मला स्वतः धरून गाडीपर्यंत आणलं आणि थेट दवाखान्यात नेलं.

ह्या हिवाळ्यात अर्बाबनं पुन्हा बोलावलंय. साडूनं नवी पिशवी घेतलीय, दोन नळ्यांची. दुसरी खास माझ्यासाठी. काल मी गोणपाट धुऊन बाटली दाराशी ठेवली, तर बायको म्हणाली, त्यांना काय सांगू?

"सांग, मला हात मोकळे नकोत."