दीड वीत पाणी

स्विमिंग पूलचं पाणी दीड वीत उतरवायला गेलो आणि सोसायटीची मोटर कोरडी चालवून ठेवली. गुन्हा एवढाच. बाकी सगळं स्पष्टीकरण आहे, आणि स्पष्टीकरण दिलं की मी जास्तच मूर्ख ठरतो असा आजवरचा अनुभव आहे. तरी देतो.

माझी थोरली बहीण, अक्का, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर इंदिरानगरला माझ्याकडे राहायला आली होती. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास छातीएवढ्या पाण्यात चाला. निफाडकडे तिची द्राक्षबाग. खुडणी महिन्यावर आली होती. लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून तिने एकही खुडणी चुकवलेली नाही, आणि याही वर्षी बागेत स्वतःच्या पायांनी फिरायचं हे तिने ठरवून टाकलेलं. पण आमच्या पूलच्या उथळ बाजूलाही पाणी तिच्या हनुवटीला टेकायचं. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या पायरीवरूनच परत फिरली. "ह्याच्यात चालू का जीव देऊ?"

मी सोसायटीत चार जणांना विचारलं, कुणाची हरकत नव्हती. पूल सांभाळणारे गृहस्थ हरसूलचे, पन्नाशीचे. ते गावी गेले होते. फोनवर म्हणाले, "उद्या सकाळी येतो काका, मग उतरवू. आज बाजार हाय गावचा."

आता पाणी उतरवायला कसली वाट बघायची? मी मोटरच्या खोलीत गेलो. तिथे दोन पाइप येऊन एकाच मोटरला मिळतात, दोघांवर एकेक व्हॉल्व्ह. एकावर खडूने लिहिलेलं 'स्किमर', दुसऱ्यावर 'तळ'. स्किमर म्हणजे पूलच्या भिंतीत, पाण्याच्या पातळीवर असलेलं चौकोनी तोंड. तळ म्हणजे खाली फरशीत बसवलेल्या जाळ्या. मी विचार केला. हा विचार मी केला नसता तर ही गोष्टच घडली नसती. तळाचं भोक म्हणजे मोरीचं भोक, ते उघडलं की अख्खा पूल गटारात जाणार. म्हणून तो व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळून बंद केला आणि स्किमरचा पूर्ण उघडला. पाणी स्किमरच्या तोंडाखाली गेलं की आपोआप थांबेल, उरलेलं मागाहून बघू. फिल्टरचा दांडा पाणी बाहेर टाकायच्या खुणेवर फिरवला, बटण दाबलं आणि चहाला वर आलो.

पाणी ठरल्याप्रमाणे थांबलं. मोटर थांबली नाही.

अक्का गॅलरीत बसली होती. तिने मान तिरकी केली. "अरे, तुझी मोटर हवा वढती."

"अक्का, ही विहिरीवरची मोटर नाही. हिचा आवाज असाच असतो."

"मोटर ती मोटर. हवा वढती म्हणते ना."

मी आणखी एक बिस्किट चहात बुडवलं. खाली गेलो तेव्हा मोटरच्या पारदर्शक झाकणाआड पाण्याचा थेंब नव्हता, पाइप चटका बसेल इतका तापला होता आणि खोलीभर जळकट वास होता. बटण बंद केलं. वर येऊन अक्काला सांगितलं. तिने माझ्यापुढची बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढून घेतली.

सकाळी हरसूलचे दादा आले. रागावले नाहीत. त्यांनी मोटरवर तळहात ठेवला, मागचा पंखा बोटाने हळूच फिरवला आणि कान लावला. "सील गेलं असलं तर मोटर खोलावी लागंल काका. मग पूल बंदच, किती दिवस सांगता येत नाय." अक्का दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बोटांवर दिवस मोजत होती. मी तिच्या बोटांकडे बघायचं टाळलं.

त्यांनी स्किमरचा व्हॉल्व्ह बंद केला, झाकण काढून बादलीने मोटरमध्ये पाणी भरलं, झाकण आवळलं, तळाचा व्हॉल्व्ह उघडून बटण दाबलं. आधी नुसता खडखडाट. मग झाकणाआड बुडबुडे थरथरले, पाणी हळूहळू चढलं आणि एकदम काचेसारखं स्थिर झालं. आवाज खालच्या पट्टीत उतरला. मी श्वास सोडला. बाहेर खुर्ची करकरली.

"तळाचं भोक आपणहून कायबी सोडत नाय," ते म्हणाले. "मोटर ओढंल तवाच. मोटर बंद, की पाणी जिथल्या तिथं."

आम्ही काठावर जाऊन उभे राहिलो. मी भोवरा शोधत होतो. भोवरा नाही, आवाज नाही, पाण्यावर सुरकुतीसुद्धा नाही. वर कडुनिंबाची पानं निवांत तरंगत होती. एरवी हीच पानं रांगेने स्किमरकडे जातात, तिथली तरंगती झडप जराशी वाकते आणि वरचा पातळ थर तेवढा आत घेते. आज झडप लोंबकळत होती. पण खोल तळाशी एक भिजून जड झालेलं पान फरशीवरून सरकत, थांबत, पुन्हा सरकत जाळीकडे निघालं होतं. वर एवढी शांतता आणि खाली ही ओढ. मी गुडघ्यांवर बसून बघतच राहिलो. बाजूच्या टाइलचा निळा पट्टा बघता बघता उघडा पडला.

"जाळ्या दोन कशाला?"

"एकीवर कुणाची पाठ बसली तर दुसरीकडून वाट मोकळी पायजे. नायतर माणूस खालीच चिकटून राहील." मग अक्काकडे वळून म्हणाले, "आणि मावशी, मोटर बंद झाल्याशिवाय पाय नाय घालायचा."

कुणीतरी कुठेतरी बसून, कधीच न भेटणाऱ्या माणसाच्या पाठीचा विचार करून दुसरं भोक पाडलं होतं. मी पहिलंच बंद करून चहाला गेलो होतो.

दीड वीत झाल्यावर मोटर थांबवली. अक्का कठडा धरून उतरली. पाणी छातीशी आलं. एक पाऊल, मग दुसरं. पलीकडच्या भिंतीला हात लावून तिने मागे पाहिलं, आणि मला एकदम टाइलची डिझाइन बघावीशी वाटली.

स्किमर आता पाण्याच्या वर राहिल्याने पानं गोळा करणारं कुणी उरलं नाही. ते काम महिनाभर मी केलं, लांब दांड्याच्या जाळीने, रोज सकाळी, सगळ्या सोसायटीच्या देखत.

खुडणीच्या दिवशी अक्का काठी टेकत बागेची पहिली ओळ चालली, मग दुसरी, मग शेवटची. मी मागे. ओळ संपते तिथे ठिबकची मोटर, फिल्टर आणि दोन कॉक. क्रेट भरणाऱ्या बायका सावलीला बसल्या होत्या. मोटर पाणी कशी ओढते हे मला आता चांगलंच माहीत असल्याने मी त्यांना समजावू लागलो, आणि नीट दाखवता यावं म्हणून एका कॉककडे हात नेला.

अक्काने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"हात खिशात घाल आधी. तुला काही कळायला लागलं की मला लय भ्या वाटतं."