ऐंशीच्या जागी दहा

दुसऱ्याच्या घरातलं बोलू नये हे खरं. पण या दोघी जावांची गोष्ट पोटात ठेवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

दिव्यांच्या दुकानाची वेबसाइट नऊ वर्षं थोरलीच्या हातात होती. एकेक फोटो उघडायचा, साइट झटकन उघडावी म्हणून डोळे बारीक करून त्याच्या फाइलचं वजन उतरवायचं, पुन्हा जागेवर ठेवायचा. दिवसाला वीस झाले की मान धरायची, आणि त्या धरलेल्या मानेचाही तिला तोरा होता. मग धाकटी लग्न होऊन आली. संगणकाच्या काळ्या कमांड-खिडकीत तिनं एक ओळ टाइप केली आणि चहा निवायच्या आत चारशे फोटो हलके. वर कोडच्या फायलींमधल्या रिकाम्या जागाही पिळून काढल्या.

"पूर्वी दिवा दिसेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं व्हायचं," सासरे म्हणाले. "आता बोट लावलं की उजेड."

नऊ वर्षांत थोरलीच्या वाट्याला असं वाक्य आलं नव्हतं. तिचा नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी पाणी द्यायच्या निमित्तानं ती धाकटीच्या मागे उभी राहिली आणि ती ओळ एका बिलाच्या पाठीवर उतरवून घेतली.

"या ओळीतले हे ऐंशी कसले गं?"

"दर्जा, जाऊबाई. आकडा उतरवला की फोटो आणखी हलका."

एवढंच हवं होतं. धाकटी दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेली, तशी थोरलीनं खुर्ची ओढली. तिचे ऐंशी, तर आपले दहा. आणि चारशेच का, नऊ वर्षांचे सगळेच.

फोटो पिसासारखे झाले. झुंबरं मात्र उकडलेल्या कोबीसारखी दिसू लागली. धाकटी आधी फोटोंची प्रत काढायची. त्याची वेगळी ओळ वर होती, ती थोरलीनं उतरवलीच नव्हती. मूळ फोटोंवरच दहाचा वरवंटा फिरला होता.

धाकटी सुजलेला गाल धरून परतली, पडद्याकडे बघितलं, आणि खणातून एक डिस्क काढून जोडली.

"यात सगळे आहेत. आल्या आल्याच प्रत काढली होती. इतके जपून केलेले तुम्ही, माझ्या हातून काही झालं तर?"

तेवढ्यात सासरे डोकावले. "काय चाललंय?"

"जाऊबाई प्रत तपासतायत."

धाकटी बोलली असती चार शब्द, तर निदान तिला नावं ठेवता आली असती. तेही सुख हिनं हिरावून घेतलं. थोरलीनं बिल पुन्हा पालथं केलं.

"ती वरची ओळ सांग. सावकाश. आणि झुंबराला ऐंशी पुरत नाहीत, नव्वद लागतात. काचेतलं तुला काय कळतंय?"

धाकटीनं नव्वद केले. झुंबरं खरंच उजळली. थोरली त्या दिवशी पोटभर जेवली.