निळा डावीकडं, पिवळा उजवीकडं

काल दाताच्या डॉक्टरनं लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरला आणि मला थेट कलाशाळेतला वर्ग आठवला. जलरंगांना बुरशी लागू नये म्हणून सर पॅलेटच्या प्रत्येक खान्यात याच तेलाचा थेंब सोडायला लावत. त्यांचा क्रम ठरलेला होता, निळा डावीकडं, पिवळा उजवीकडं. मी दौलताबादहून येणारा, डावखुरा. माझं पॅलेट कागदाच्या डाव्या बाजूला असायचं, म्हणून निळा ब्रश कागदाकडं नेताना थेंब पिवळ्यात पडायचे आणि पिवळा हिरवा व्हायचा. एकदा मी क्रम उलटा लावला. सरांनी पाहिलं आणि सुरीनं सगळे रंग खरवडून बादलीत टाकले. "लई शहाणा झालास व्हय? जमत नसंल तर गावाकडं जाऊन मेंढरं रंगव." वर्ग हसला. माझा बाप मेंढरं राखायचा, हे सरांना ठाऊक होतं. पुढं बऱ्याच वर्षांनी सरांची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा त्यांनी मला क्रांती चौकाजवळच्या घरी बोलावून घेतलं. "आता डाव्या हातानं करून बघतो," ते म्हणाले. "तू वर्गात लावलं होतंस तसं पॅलेट लावून दे." मी नव्या ट्यूबा उघडल्या, खाने भरले, निळा डावीकडं, पिवळा उजवीकडं, तेलाचे थेंब सोडले आणि पॅलेट त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. त्यांनी खाने पाहिले. "हे उलटं लावलंस." "नाय सर, हे तुमचंच सुलटं आहे. उलटं तुम्ही बादलीत टाकलं होतं." एवढं बोलून मी चप्पल घातली. काल डॉक्टरनं विचारलं, दुखतंय का. मी म्हटलं, नाय.